पेठेतलं काष्ठौषधींचं दुकान: माल जुना की मुरलेला?

सासूबाईंच्या काढ्यासाठी ज्येष्ठमध, अडुळसा आणि पाव किलो त्रिफळा चूर्ण आणलं, दुकान जुनं, कुठल्या दुखण्याला काय ते मालकांना तोंडपाठ, भावही ठीक. पण पोती सगळी उघडी, ओल आलेल्या भिंतीला टेकून, आणि चूर्ण काढायचा एकच चमचा सगळ्या डब्यांत फिरतो. घरी ज्येष्ठमधाची काडी मोडली तर आत हिरवट बुरशी, कुबट वास, चूर्णात चक्क जाळी! फोन केला तर म्हणे "अहो ताई, उकळल्यावर सगळं मरतं". जंतू बरेचसे मरतात हो, पण बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष नुसत्या उकळण्याने जात नाही, आणि चूर्ण तर आपण तसंच मधात कालवून चाटतो ना. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, ग्रॅममागे यीस्ट-बुरशीची मर्यादा १००० वसाहती (सीएफयू) आहे, ई. कोलाय आणि साल्मोनेला हे पोटाचे आजार करणारे जंतू तर अजिबात चालत नाहीत, पण सुट्ट्या पुडीवर काय कळणार, ना बॅच नंबर ना तारीख. पैसे कुरकुर न करता परत दिले म्हणून दोन स्टार. आता हिरडा, बेहडा, आवळकाठी अख्खी आणते, नीट निवडून कडक उन्हात घालते आणि लागेल तेवढंच मिक्सरला लावते.