ब्रँडेड रोटरी टूल की स्वस्त किट: वर्कशॉपसाठी काय घ्यावं?

ड्रेमेल हा रोटरी टूलचा ब्रँड, पण हार्डवेअरच्या दुकानात ‘ड्रेमेल द्या’ म्हटलं की काउंटरवर बऱ्याचदा भलत्याच नावाची मशीन येते. मिनी ग्राइंडर, हँड ग्राइंडर, डाय ग्राइंडर ही सगळी नावं आपल्याकडे एकाच वस्तूसाठी सर्रास वापरली जातात. इथे तुलना आहे ती ३.२ मिमी दांड्याचे बिट धरणाऱ्या, हातात पेनासारख्या पकडायच्या मशीनची. एका बाजूला ड्रेमेल ३००० आणि ४०००, दुसऱ्या बाजूला शंभर-दोनशे नगांच्या डब्यासह मिळणारी स्वस्त किट. दोघांच्या किमतीत सहज तीन-चार पटींचा फरक पडतो.

आधी खोक्यावरचे आकडे पाहू. ड्रेमेल ३००० ची मोटर १३० वॅटची, वेग १०,००० ते ३३,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. ४००० ची १७५ वॅटची, ५,००० ते ३५,०००. स्वस्त किटवरही १३५, १८०, कधी त्याहून जास्त वॅट छापलेले असतात, म्हणजे कागदावर स्वस्त मशीनच भारी ठरते. या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारं) असेल तर खरं-खोटं लगेच कळतं: २३० व्होल्टवर १३० वॅट म्हणजे साधारण ०.५७ अँपिअर. लोडवर मशीन याच्या निम्माही करंट घेत नसेल, तर छापलेले वॅट खरे नाहीत.

खरा फरक मशीनच्या पुढच्या दोन इंचांत आहे: स्पिंडल (फिरणारा दांडा), बेअरिंग आणि कॉलेट (बिटचा दांडा आवळून धरणारी चिरलेली नळी). ३०,००० आरपीएमला बिटचं टोक केसभर जरी डोललं तरी एक मिमीचा कार्बाइड ड्रिल बिट मोडतो, कटिंग डिस्कला तडे पडतात आणि लाकडात रेघेऐवजी खाच उठते. डोलणारं टोक बेअरिंगलाही ठोके देत राहतं. बेअरिंग सैल झालं की डोलणं वाढतं. स्वस्त मशीन बंद पडते तेव्हा आधी बेअरिंगचाच आवाज बदललेला असतो.

म्हणून दुकानातच पाहून घ्या. नवा, सरळ ३.२ मिमीचा ड्रिल बिट सोबत न्या, कॉलेटमध्ये खोलवर बसवून नट आवळा. मशीन बंद असतानाच स्पिंडल धरून आडवं हलवा. खडखड जाणवली तर ती मशीन परत ठेवा. मग सर्वात कमी वेगावर चालू करा. बिटचं टोक एका बिंदूसारखं दिसायला हवं, जाड धूसर वर्तुळ दिसलं तर दुसरा नग मागा. स्वस्त मशीनमध्ये एकाच खोक्यातले दोन नग वेगळे निघतात, त्यामुळे ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. शेवटी व्हेंटमधून कार्बनकडे, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांकडे बघा. बारीक निळसर ठिणग्या चालतात. कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कम्यूटेटरभोवती गोल आगीची कडी फिरताना दिसली तर ती मशीन घेऊ नका.

कॉलेटबद्दल एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. स्वस्त डब्यात ३ मिमी, ३.२ मिमी आणि २.३५ मिमी दांड्याचे बिट एकत्र टाकलेले असतात. ३ मिमीचा दांडा ३.२ च्या कॉलेटमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण जोर आला की सरकतो. २.३५ मिमी हे सोनारकामाच्या बरचं (दातेरी कोरणाऱ्या बिटचं) माप, त्याला २.४ मिमीचा कॉलेट लागतो. ड्रेमेलला ०.८, १.६, २.४ आणि ३.२ मिमीचे कॉलेट सुटे मिळतात. तीन जबड्यांचा चक सगळे दांडे पकडतो, पण तो भोक पाडण्यापुरता ठेवा. आडव्या जोराच्या कामात तो ढिला पडतो. सुटा चक मागवताना आट्यांचं माप आधी तपासा. ड्रेमेलचे आटे इंची मापाचे आहेत, स्वस्त मशीनवर बऱ्याचदा मिलिमीटर मापाचे, एम ८ × ०.७५ असतात. एकाचा चक दुसऱ्यावर चढत नाही, जबरदस्तीने चढवला तर स्पिंडलच खराब होतो.

आता आपल्या मराठवाड्याचा प्रश्न. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४२ च्या पुढे असतो, आणि गावाकडच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. अशा वेळी मशीनचा वेग घटतो, कारागीर नकळत जास्त दाबतो, करंट वाढतो. मोटर गार करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्याने वारा मात्र कमी होतो. मोटरमधल्या तारेचं वाइंडिंग जळतं ते इथेच. ड्रेमेल ४००० मध्ये लोड आल्यावर वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. ३००० मध्ये नाही, आणि स्वस्त मशीनमध्ये शक्यतो नसतंच. तरीही कोणतीही मशीन असो, दहा-पंधरा मिनिटं कामानंतर दोन मिनिटं मोकळी, वरच्या वेगावर फिरवा म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडते. लोडशेडिंगमध्ये साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ही मशीन चालवू नका. वेगाचं बटण चालवणारा ट्रायॅक त्या पुरवठ्यावर गडबडतो, मशीन गुरगुरते आणि तापते.

दुरुस्तीत ब्रँडेडची बाजू वरचढ आहे. ड्रेमेलचे कार्बन दर ४० ते ५० तासांनी काढून पाहायचे, लांबी ३ मिमीच्या खाली गेली की बदलायचे. ते तयार मिळतात. स्वस्त मशीनला मोठा कार्बन पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो. तो मशीनमधल्या आपल्या खोबणीत अडकता कामा नये, स्प्रिंगच्या जोराने सहज सरकला पाहिजे. मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग जळला तर खेळ संपला. इतकी बारीक तार पुन्हा भरायची मजुरी नव्या मशीनच्या किमतीशी भिडते. ब्रँडेड घेतानाही पक्कं बिल घ्या आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे ते आधी विचारा. परभणी-हिंगोलीहून मशीन कुरिअरने पाठवावी लागणार असेल, तर वॉरंटीची किंमत तेवढी कमी धरा.

कोणत्या कामाला काय, यात आमचं मत स्पष्ट आहे. पेरणी यंत्राचा गंजलेला, डोकं झिजलेला बोल्ट असेल तर पातळ डिस्कने त्यात खाच पाडून पेचकसाने काढता येतो. पंपाच्या झाकणाची कड सारखी करणं, विळ्याला धार लावणं, ॲल्युमिनियम घासणं ही सुद्धा महिन्यातून दोन-चारदा निघणारी कामं आहेत. याला स्वस्त मशीन पुरते. ॲल्युमिनियम बरच्या दातांत चिकटतं, म्हणून बर अधूनमधून न पेटवलेल्या मेणबत्तीच्या मेणावर टेकवा.

ठिबकचे पाइप, पीव्हीसी, ॲक्रिलिक यांत मात्र स्वस्त मशीन अडते. प्लास्टिक वितळू नये म्हणून वेग कमी हवा, आणि कमी वेगावर तिला जोरच उरत नाही. ३००० चाही खालचा वेग १०,००० आहे, तोही प्लास्टिकला जास्तच. हे काम रोजचं असेल तर ४००० घ्या. किनवटच्या सागवानावर नक्षी, सराफी काम, नांदेडमध्ये कृपाणाच्या मुठीवरचं कोरीवकाम, अशा ठिकाणी रेघ चुकली की माल वाया जातो. तिथे स्वस्त मशीन घेऊच नका.

काळ्या पाषाणावर नाव कोरायचं असेल तर डायमंड बिट आणि पाण्याचा थेंब लागतो. तेव्हा फ्लेक्सिबल शाफ्ट (आत फिरणारी केबल असलेली लवचिक नळी) जोडून मोटर वर टांगा, म्हणजे पाणी आणि २३० व्होल्ट लांब राहतात. स्वस्त किटमधला शाफ्ट तीव्र वळणावर लगेच तापतो. आतली केबल काढून ग्रीस लावा आणि वळण मोठं ठेवा.

वेल्डिंगच्या जोडावरचा उंचवटा घासणं किंवा जाड पट्टी कापणं हे दोन्ही मशीनचं काम नाही. त्याला ६ मिमी कॉलेटचा डाय ग्राइंडर किंवा थेट चार इंची अँगल ग्राइंडर लागतो. हे काम करायला जाऊनच बहुतेक मिनी ग्राइंडर जळतात.

डब्यातल्या सामानाबद्दल मात्र तडजोड नको. सँडिंग बँड, फेल्ट, दगड वापरा. तपकिरी कटिंग डिस्क बाजूला काढा. २४ मिमीची डिस्क ३३,००० आरपीएमला फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला ४१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५० किमी असतो. ३८ मिमीला तोच ताशी २३६ किमी होतो. जाळी नसलेली डिस्क जरा तिरकी झाली की फुटते आणि तुकडे थेट तोंडाकडे येतात. स्वस्त मशीन घेतली तरी वाचलेल्या पैशांतून फायबरची जाळी असलेल्या डिस्क, दोन सरळ मँड्रेल (डिस्क बसवायचे दांडे) आणि बाजू झाकणारा चांगला चष्मा त्याच दिवशी घ्या. तारेचा ब्रश कोणत्याही मशीनवर १५,००० च्या वर नेऊ नका. तारा सुटून कातडीत रुततात.

आठवड्याला दोन तासांहून कमी काम असेल तर पारखून घेतलेली स्वस्त मशीन आणि चांगल्या डिस्क, ही जोडी चालेल. त्याहून जास्त असेल किंवा गिऱ्हाइकाचा माल हातात असेल तर ३०००. प्लास्टिक, सराफी किंवा तासन्‌तास चालणारं काम असेल तर ४०००. जुनी मशीन घेत असाल तर पाटीवर १२० व्होल्ट लिहिलेलं नाही ना, हे प्लग लावण्याआधी वाचा.