८ जीबीच्या लेबलाखाली ४ जीबीची रॅम

सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम, असा आमचा साधा लॅपटॉप. त्यावर विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मशीन छान चालायला लागलं. फक्त मुलीचा ऑनलाइन क्लास सुरू असताना आणखी चार-पाच टॅब उघडले की सगळं हँग व्हायचं. ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली होती, शेजारचा स्लॉट रिकामा होता. तिथे ८ बसवली की १२ होतील, या हिशेबाने मी मुंबईत कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो.

रॅमचे भाव तेव्हा सारखे चढत होते. नव्या पट्टीचा आकडा ऐकून मागे फिरत होतो, तेवढ्यात एका छोट्या दुकानातून हाक आली, "साहेब, काढलेली आहे, पण ओरिजिनल. २,६०० ला बसवून देतो." लेबलवर स्पष्ट ८ जीबी लिहिलेलं. लॅपटॉप तो आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांत झाकण लावून आणला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "१८ टक्के जीएसटी कशाला भरताय? मी इथेच बसलोय, सहा महिन्यांची हमी." चिठोऱ्यावर फक्त रक्कम लिहून दिली. मी रोख पैसे दिले, लॅपटॉप सुरू होतोय एवढं पाहिलं आणि लोकल पकडली.

घरी टर्मिनलमध्ये रॅम किती आहे ते दाखवणारी 'फ्री' कमांड दिली. एकूण ७.६ जीबी. थोडी रॅम ग्राफिक्सकडे जाते हे मला माहीत होतं, पण चार जीबी? फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लिनक्सला आठच्या वर दिसत नाही. घेऊन या, विंडोज टाकून देतो, पूर्ण बारा दिसेल. १,२०० होतील."

खरं सांगतो, अर्धा तास मला ते पटलं होतं. जुन्या ३२-बिट सिस्टिमच्या ४ जीबी मर्यादेबद्दल कधीतरी वाचलेलं, त्यामुळे असेलही असं वाटलं. पण माझं मिंट ६४-बिट आहे, त्याला ती मर्यादा नाही, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळे लिनक्सवरच चालतात. त्यांना आठच्या वर दिसत नाही? या थापेचा मला रॅमपेक्षा जास्त राग आला. आपल्याला लिनक्समधलं नीट कळत नसेल, या भरवशावर ती मारलेली होती.

मग 'डीएमआयडीकोड' चालवलं. ही कमांड प्रत्येक स्लॉटमध्ये काय बसलंय ते वेगवेगळं दाखवते. बोर्डावरची ४ जीबी आणि स्लॉटमध्येही ४ जीबी. झाकण उघडून पट्टी काढली, लेबलचा कोपरा नखाने उचलला, तर खाली दुसरं लेबल: ४ जीबी, आणि पुढे रॅमचा प्रकार व वेग, पीसी४-२४००.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "ही आमची नाहीच," एवढंच उत्तर मिळालं. माझ्या हातात होता तो चिठोरा, त्यावर ना दुकानाचं नाव, ना मालाचं.

तुम्ही रॅम बसवून घेणार असाल तर लॅपटॉप नजरेआड जाऊ देऊ नका. पट्टी बसली की काउंटरवरच बायॉस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणारा लॅपटॉपचा स्वतःचा सेटिंग स्क्रीन, उघडा. बऱ्याच लॅपटॉपवर सुरू होताना एफ२ दाबलं की उघडतो. तिथे एकूण रॅम लिहिलेली असते आणि तिचा लिनक्स-विंडोजशी काही संबंध नसतो. आकडा बरोबर दिसल्यावरच पैसे द्या, तेही यूपीआयने, आणि बिलावर क्षमता लिहून घ्या. वापरलेली पट्टी असेल तर घरी रात्रभर मेमटेस्ट हा रॅममधले दोष शोधणारा प्रोग्रामही चालवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. बिल नाही म्हटल्यावर काम अवघड आहे, याची मला कल्पना आहे. दोन्ही लेबलांचे फोटो आणि ती पट्टी जपून ठेवली आहे.