कांचनाची रोपे : चिठ्ठीवर एक, पिशवीत दुसरेच

नर्सरीत ‘कांचन’ या एकाच चिठ्ठीखाली तीन-चार वेगळी झाडे विकली जातात. सगळ्यांची पाने टोकाशी दुभंगलेली, त्यामुळे रोप लहान असताना विकणाऱ्यालाही फरक सांगता येत नाही. फुलावर आलेले रोप किंवा ज्या झाडाचे बी आहे त्याचे फूल पाहूनच घ्यावे. ‘रक्तकांचन’ हे नाव तर दोन जातींना लावतात, त्यावर विसंबू नये.

फुलातले पुंकेसर मोजा. बौहिनिया (कांचनाच्या वंशाचे शास्त्रीय नाव) व्हेरिगाटा या जातीला पाच असतात. पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड जवळजवळ निष्पर्ण असताना. देवकांचन म्हणजे याच वंशातली पर्प्युरिया ही जात. त्याला तीनच पुंकेसर, पाकळ्या अरुंद, सुट्या. तो पावसाळा सरल्यावर भर पानांत फुलतो. पांढरा अक्युमिनाटा दहा पुंकेसरांचा, दोन-तीन मीटरचे झुडूप. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीसाठी आमची पसंती यालाच.

सर्वांत महाग विकतात ते ‘हाँगकाँग ऑर्किड’, म्हणजे ब्लेकियाना. हा पर्प्युरिया आणि व्हेरिगाटाचा संकर वांझ आहे, शेंग धरत नाही. त्यामुळे ‘बियांपासून केलेले ब्लेकियाना’ असे कोणी सांगितले तर ते घेऊच नका. खरे रोप कलमाचेच असते. कलमाचा सांधा बोटाने चाचपून पाहा आणि लावताना तो मातीच्या वर किमान चार बोटे ठेवा. खालचा खुंट (ज्यावर कलम बांधले ते मुळासह रोप) साध्या कांचनाचा असेल तर त्याचे फुटवे जोमाने वाढून वरचे कलम दाबून टाकतात. काही वर्षांनी झाडाला शेंगा लागल्या की समजावे, खुंटच वाढला आहे. सांध्याखालचा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच मुळापासून खुडावा. फूल अप्रतिम, बहर लांब, पण फांद्या ठिसूळ. वादळवाऱ्याच्या जागी लावू नये.

खताबाबत एक मोठा गैरसमज आहे. शेंगवर्गातले झाड म्हणून कांचन हवेतला नत्र स्वतः मिळवतो, असे अनेक विक्रेते सांगतात. ते खरे नाही. 2017 च्या वर्गीकरणात कांचन सर्सिडॉइडी या उपकुळात गेला आणि या गटाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. त्यामुळे दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा निम्मा भरेल इतके कुजलेले शेणखत हवेच. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ती लोहाची उणीव; युरिया टाकून जात नाही, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) फवारावे लागते. पिशवीच्या तळाशी मुळांचा वेटोळा झालेले रोप मात्र कितीही उंच असले तरी सोडून द्यावे.

जुन्या चिठ्ठ्यांवर ‘बौहिनिया वाहली’ दिसले तर तो माहुल, आता फानेरा वंशात गेलेला. ती प्रचंड महावेल आहे, पानांच्या पत्रावळी होतात. बंगल्याच्या अंगणात ती शेजारची झाडे झाकून टाकेल.