हुशार मुलाला जग कुठे कळेल : नवोदय की मुळशी?

जवाहर नवोदय विद्यालयात (केंद्र सरकारची निवासी शाळा) नववीतली सुमारे ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. पुण्याजवळच्या मुळशीतल्या यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा कॉलेजात (स्थापना १९९७) अनेक देशांतली मुलं दोन वर्षं एकत्र राहून आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करतात. हेतू जवळपास एकच: वेगळ्या माणसांत राहायला शिकणं.

मला नवोदयचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. बीडच्या खेड्यातला चौदा वर्षांचा मुलगा बिहारमध्ये जातो, तेव्हा मेसमधल्या जेवणापासून शिक्षकांच्या बोलण्यापर्यंत सगळं परकं असतं. पाहुणा म्हणून कोणी लाड करत नाही. जुळवून त्यालाच घ्यावं लागतं. पोटात दुखतंय हेसुद्धा मोडक्यातोडक्या हिंदीत सांगावं लागतं. शिवाय शिक्षण जवळपास मोफत आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. उणीव एकच, पण मोठी: सोबत गेलेली मुलं आपापला घोळका करतात. शिक्षकांनी खोल्या मुद्दाम मिसळल्या नाहीत, तर वर्ष तसंच निघून जातं.

मुळशीत तो घोळका टिकणं कठीण. तिथे युद्ध, निर्वासित, हवामानबदल यांवर बोलताना समोर ते भोगलेलं कोणी बसलेलं असू शकतं. हे नवोदयमध्ये मिळत नाही. मात्र सगळ्यांची सामायिक भाषा इंग्रजी, आणि फी प्रचंड. शिष्यवृत्त्या आहेत, घरची परिस्थिती पाहून देतात. फीचा आकडा पाहून अर्जच न भरणं ही चूक करू नका.

पाचवीतल्या मुलासाठी नवोदयची परीक्षा द्याच. मुळशीचा विचार दहावीनंतर करता येतो.