पायथॉनचं झोनइन्फो: मेसेजच्या वेळांसाठी काही महिने वापरल्यानंतर

लंडन, न्यूयॉर्क आणि मुंबईचे मेसेज एकाच यादीत वेळेनुसार लावायचे, या कामाला गेले काही महिने झोनइन्फो, म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची टाइमझोन सांभाळणारी लायब्ररी, रोज वापरात आहे. त्याच कामाची जुनी लायब्ररी पायटीझेड सोडून याकडे यावं का? नक्की यावं.

मुख्य कारण एकच. पायटीझेडचा झोन रिप्लेस फंक्शन वापरून तारखेला थेट चिकटवला, की कोलकात्याचा ऑफसेट (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक) 5:30 ऐवजी 5:53 लागतो, कारण तिथली जुनी स्थानिक वेळ उचलली जाते. सकाळी 10 चा मेसेज यादीत 9:37 ला दिसतो. एरर येत नाही, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. पायटीझेडच्याच लोकलाइझ फंक्शनने ती टळते, पण टीममध्ये कोणीतरी ते विसरतंच. झोनइन्फोत ही भानगडच नाही.

पायथॉन 3.9 पासून ते सोबतच येतं. विंडोजवर मात्र झोनची माहिती असलेलं टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाका, नाहीतर झोन सापडत नाही. नाव 'एशिया/कोलकाता' द्यायचं. 'एशिया/मुंबई' असा झोन नाही. नुसतं 'आयएसटी' दिलं तर एरर येते, आणि तेच बरं: भारत, इस्रायल, आयर्लंड तिघांचंही लघुरूप तेच.

खरी कसोटी उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे जातात तेव्हा. 26 ऑक्टोबर 2025 ला लंडनमध्ये रात्रीचा दीड दोनदा वाजला. पहिला दीड म्हणजे मुंबईत सकाळचे 6, दुसरा म्हणजे 7. वेळेसोबत फोल्ड ही खूण 1 दिली तरच दुसरा धरला जातो. काही न दिल्यास मुकाट्याने पहिला. मेसेजसोबत ऑफसेटच नसेल, तर यातला कोणता हे कुठलीही लायब्ररी सांगू शकत नाही. म्हणून ऑफसेट हातात आहे तोवरच, मेसेज आल्या आल्या यूटीसी करून साठवा.

वजाबाकीतही सांभाळा. दोन्ही वेळा एकाच झोनच्या असतील तर पायथॉन फक्त घड्याळातले आकडे वजा करतं. त्याच रात्री साडेबाराचा प्रश्न आणि अडीचचं उत्तर यांत 2 तास दिसतात, प्रत्यक्षात गेलेले असतात 3. आधी दोन्ही यूटीसीत न्या. रिस्पॉन्स टाइमचे रिपोर्ट इथेच चुकतात.

ईमेलच्या हेडरमधल्या तारखेत ऑफसेट +0000 ऐवजी -0000 असेल, तर ती तारीख वाचणारं पायथॉनचं पार्सडेट-टू-डेटटाइम फंक्शन झोन नसलेली वेळ परत देतं. ती झोनवाल्या वेळेशी तुलना करताना टाइपएरर येते. यूटीसी जोडून घ्या.

आणि दिवसवार मोजणी करताना तारीख यूटीसीतून कापू नका. मुंबईत रात्री 12 ते पहाटे साडेपाचचे सगळे मेसेज आदल्या दिवशी जाऊन बसतात. आधी कोलकाता झोनमध्ये बदला, मग तारीख काढा.