परसातला बटाटा आणि घूस : अर्धा इंची वेल्डमेश जाळीचा अनुभव

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात साताऱ्यातील आमच्या परसात बटाट्याची हिरवीगार झाडे एकामागून एक माना टाकू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असावे असे आधी वाटले. पण एक झाड हलकेच ओढले तर ते मुळांवाचून हातात आले आणि खाली, दातांचे जोडीने चर उमटलेला अर्धा बटाटा सापडला. शेजारी चिचुंद्रीला दोष देत होते. ती बिचारी किडे आणि गांडुळे खाते. कुंपणाशी ताज्या मातीचा ढीग घालून बटाट्यापर्यंत बीळ काढणारी घूस होती. खायच्या पिकाजवळ विष ठेवणे मला मुळीच पटत नाही, म्हणून गेल्या नोव्हेंबरात वाफ्यालाच जाळीचे अस्तर दिले.

दुकानदाराने प्रथम खुराड्याची षटकोनी जाळी दाखवली. तिची तार बारीक असते आणि हाताने ताणली तरी भोक फाकते, त्यामुळे ती या कामी घेऊ नये. मी वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी, घेतली; तिचा प्रत्येक सांधा जोडलेला असल्याने चौकोन हलत नाही, घुशीला आत शिरता येत नाही आणि पाण्याचा निचराही अडत नाही. सहा फूट बाय तीन फुटांचा वाफा दीड फूट खणून तळाला व चारही बाजूंना जाळी बसवली, कडा जमिनीच्या वर नऊ इंच ठेवल्या आणि सांधे चार इंच एकावर एक घेऊन बाइंडिंग वायरने आवळले. त्यात कुफरी ज्योती या जातीचे कोंब आलेले बारा बटाटे लावले आणि महिन्याभराने मातीची भर दिली, कारण उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होतात आणि ते खाण्यास अपायकारक असतात.

जाळीत उणिवाही आहेत. कापलेली टोके हातमोजे नसतील तर बोटे फाडतात, आणि जस्ताचा मुलामा नेमका तिथेच नसल्याने एका हंगामात तिथे तांबूस गंज धरला. काढणीला कुदळ चालत नाही; खुरप्याने आणि हातानेच माती उकरावी लागते.

फेब्रुवारीच्या अखेरीस पाला पिवळा पडल्यावर पाच किलोंहून थोडे अधिक बटाटे निघाले. बाहेरच्या बाजूने घुशीने जाळीपर्यंत बीळ आणलेले होते आणि ते तिथेच वळले होते. तळाशी वाढलेल्या दोन बटाट्यांच्या सालीवर जाळीचे चौकोन उमटले होते, पण दाताचा ओरखडा एकावरही नव्हता.