लहान मुलांच्या घरासाठी ॲडव्हेंट रीथचा संच: कडं उत्तम, मेणबत्त्या बऱ्या, कार्डं बदलून घ्या

आगमनकाळ (ॲडव्हेंट), म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार आणि त्यांचे आठवडे, त्यासाठीचा हा घरगुती संच; दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची. ३० सेंटीमीटर व्यासाचं लाकडी कडं, त्यात मेणबत्ती उभी करायला पत्र्याच्या चार वाट्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, आणि रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेसाठी वाचनाची २४ कार्डं. संध्याकाळी मुलं भुकेली, पेंगुळलेली, एक कडेवर आणि दुसरं टेबलाखाली, अशा वेळी आईला पाच मिनिटांत प्रार्थना पार पाडता येते का, एवढ्याच कसोटीवर तो इथे तपासला आहे.

कड्याबद्दल तक्रार नाही. ते जड आहे, टेबलावरून सहज सरकत नाही आणि मूल कोपराने धडकलं तरी उलटत नाही. वाट्यांचा काठ लाकडाच्या वर आलेला आहे, हे महत्त्वाचं. वितळलेलं मेण वाटीतच राहतं आणि मेणबत्ती पार खाली आली तरी ज्योत लाकडाला लागत नाही. भोवती हिरव्या फांद्या लावणार असाल तर पानं या काठाच्या खालीच ठेवा आणि दर आठवड्याला बदला. वाळलेली सूचिपर्णी फांदी क्षणात पेट घेते.

मेणबत्त्या २५ सेंटीमीटर लांब आहेत, पण बुडाशी वाटीपेक्षा किंचित बारीक, म्हणून डुलतात. कागद गुंडाळून घट्ट करू नका, तो पेटतो. ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी दोन वेढे गुंडाळा, किंवा बूड गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून मऊ करा आणि दाबून बसवा. वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापली की धूर कमी होतो. एकाच बाजूने मेण ओघळत असेल तर पंख्याचा किंवा खिडकीचा झोत शोधा.

मेणबत्त्या पुरतील का, याचा हिशोब आधी करा, कारण चौघी सारख्या जळत नाहीत. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, असं करत २०२६ च्या आगमनकाळात पहिली मेणबत्ती २६ दिवस लागेल, दुसरी १९, तिसरी १२ आणि चौथी फक्त ५. अशी बारीक मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटीमीटर जळते. रोज दहा मिनिटं लावली तर पहिलीची जेमतेम ११ सेंटीमीटर संपतात. जेवण होईपर्यंत अर्धा तास तेवत ठेवली तर मात्र २६ दिवसांचे १३ तास होतात आणि ती नाताळाच्या आधीच संपते. प्रार्थना झाली की विझवा.

विझवण्यावरून भांडण ठरलेलं. फुंकर मारली की गरम मेण उडतं, ते समोरच्या लहानग्याच्या हातावर. म्हणून ज्योत झाकून विझवायची लांब दांड्याची टोपी वेगळी घ्यावीच लागते, संचात ती नाही. मग कामं वाटून द्या: काडी मोठ्यांनीच ओढायची, एकाने वचन वाचायचं, एकाने टोपी ठेवायची, आणि दर रविवारी पाळी बदलायची. नवी मेणबत्ती लागते त्याच दिवशी पाळी बदलते, त्यामुळे मुलांच्या ते पक्कं लक्षात राहतं.

तीन वर्षांखालचं मूल असेल तर बॅटरीच्या मेणबत्त्या घेतल्या तरी काही उणं होत नाही. फक्त बटन सेलवाल्या घेऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो. साध्या पेन्सिल सेलच्या आणि स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाच्या घ्या.

आता कार्डं. इथे संच बनवणाऱ्यांनी घरातल्या आईचा विचार केलेला दिसत नाही. कार्डं १ ते २४ डिसेंबर अशी मोजलेली आहेत, पण आगमनकाळ रविवारी सुरू होतो, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही, आणि २२ ते २८ दिवस चालतो. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मेणबत्ती लागली तरी दोन दिवस कार्डच नाही. २०२८ मध्ये तो ३ डिसेंबरला येतो, तेव्हा पहिली दोन कार्डं मेणबत्तीविना.

उपाय सोपा आहे. तारखा विसरा आणि दर मेणबत्तीला सहा कार्डं द्या. आठवड्यातला एक दिवस आपोआप मोकळा राहतो, आणि लेकुरवाळ्या घरात तो लागतोच: कुणाला ताप, कुणी न जेवताच झोपलेलं, किंवा आईच्याच अंगात त्राण नाही. तो दिवस गेला म्हणून मनाला लावून घेऊ नका. शेवटचा आठवडा बहुतेक वर्षी अपुरा असतो, उरलेली कार्डं नाताळनंतर वाचली तरी चालतात.

वाचनंही लांब आहेत. एका कार्डावर बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली येशूची अख्खी वंशावळ आहे, १७ वचनं. चार वर्षांचं मूल तिसऱ्या नावाला उठून जातं. त्यातल्या तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि येशूची आई मरीया या पाच जणींपैकी एकीचीच गोष्ट सांगा, मुलं ऐकतात. यशया ९:२ किंवा मीखा ५:२ हे एकच वचन पुरतं. १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गरीब मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्न यांनी असं पहिलं कडं, म्हणजे मेणबत्त्या लावलेलं चाक, टांगलं, ते नाताळला किती दिवस उरले म्हणून सारखं विचारणाऱ्या तिथल्या मुलांसाठीच. मुलांच्या बेताने वाचन आखायला काय हरकत होती?

सगळ्यात खटकलं ते हे की लूक १:३९-४५ एकाही कार्डावर नाही. मरीया घाईघाईने नात्यातल्या अलीशिबेकडे जाते आणि तिचा आवाज कानी पडताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. आधीचे पाच महिने अलीशिबा घराबाहेर पडलेली नाही, आणि पुढे मरीया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहते. दोन गरोदर बायका एकमेकींना आधार देतात, आणि आईपणाबद्दल याहून जवळचं वाचन या काळात दुसरं नाही. कोरं कार्ड घेऊन हे स्वतः लिहा आणि तिसऱ्या, गुलाबी मेणबत्तीच्या आठवड्यात ठेवा. तो आनंदाचा रविवार, तिथे ते शोभतं.

कडं वर्षानुवर्षं टिकेल. मेणबत्त्या काढल्यावर वाट्या सुटत असतील तर तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मेण टचकन निघतं. ते बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. उरलेल्या मेणबत्त्या आडव्या आणि कापडात वेगवेगळ्या गुंडाळून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात वाकतात आणि जांभळा रंग गुलाबीला लागतो.